टोपलीतल्या गोगलगायी

समजा, तुम्हाला ओला डोंगरउतार उकिडवं बसून मोजायचा आहे. दोरीने आखलेल्या चौकोनांत दोनच गोष्टी शोधायच्या: पांढऱ्या फुलांची कोळीभाजी आणि नखाएवढी तपकिरी गोगलगाय. दोन्ही आता फार उरलेल्या नाहीत. भाजी उभ्याने दिसते. गोगलगायीसाठी पाचोळा पान-पान उलटावा लागतो. ऐंशी मोजल्यात, तर त्यांतल्या किती दोनदा मोजल्यात?

उधव्याजवळच्या पाड्यावरच्या जिवलीला हीच धास्ती होती. उतारावर दगडखाण येणार होती आणि पाड्याचा झरा त्याच उतारातून फुटतो. भाजीचे कंद खणून दुसरीकडे लावणार होते. गोगलगायी जिथे सापडतील, तेवढाच भाग खाणीतून वगळणार होते. पाहणीवाल्या दक्षा मॅडम तापाने पडल्या, म्हणून त्यांच्या मदतीला असलेल्या जिवलीने दोन दिवस एकटीने मोजलं.

मोजलेल्या भाजीच्या पानाचं टोक ती खुडायची. झाड जागचं हलत नाही, खूण राहते. गोगलगायीला खूण कुठे करणार? मग ओहोळात खेकडे धरताना करायची तसंच केलं: सापडली की टोपलीत. पदरात खडे बांधले, एका गोगलगायीला एक खडा. संध्याकाळी सगळ्या वरच्या उंबराखाली, ओल्या सावलीत सोडल्या. पाठीवर घर घेऊन हिंडणारीला कुठलंही अंगण सारखंच, असं तिला वाटलं.

तिसऱ्या दिवशी जिवली भाताच्या आवणीला गेली. मॅडम फोनवर जागा नोंदवून गेल्या. गोगलगायी खड्यांइतक्याच मिळाल्या, सगळ्या उंबराखाली. कुणाला शंका आली नाही.

दसऱ्याला वगळलेल्या भागाभोवती खांब रोवले, तेव्हा उंबराचा कोपराच तेवढा कुंपणात होता. झरा बाहेर.

"मावशी, तुम्ही त्या उचलल्यात?" दक्षाने विचारलं.

"न उचलता मोजायच्या कशा, मॅडम?"

दक्षाने फोनवरच्या नोंदी पुन्हा पाहिल्या. मग म्हणाली, "चूक माझी. मी सांगायला हवं होतं." तिने पत्र लिहिलं. सह्या झालेला कागद बदलत नाही, असं उत्तर आलं.

"सगळ्यांना एका मांडवात आणलंस," नवरा धोंडी म्हणाला. "आता वऱ्हाड जेवतंय बघ."

खाली मशीन उतार खात होतं. जिवली हसली नाही.

कंद दुसऱ्या बांधावर रुजले, त्यांना कोंबही आले. उंबराखाली तिला शंख मिळाले ते बारा, तेही रिकामे. उरलेल्या कुठे गेल्या, हे ती भेटेल त्याला विचारते. आपापल्या जुन्या दगडाकडे परत निघाल्या असतील का? आणि निघाल्या असतील, तर मशीन येण्याआधी पोचल्या की नंतर?