वैरी म्हणायला शिकलो

१९५३ साल. मी अठरा वर्षांचा होतो. लासूर स्टेशनजवळच्या आमच्या गावात, मारुतीच्या पारासमोर, धाकल्या पाटलानं माझ्या तोंडावर पायताण मारलं.

कारण एक बैल. पाटलाचा बैल गोठ्यात मेला होता. मेलेलं ढोर ओढून न्यायचं काम आम्हा महारांचं, हा गावाचा कायदा. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, रझाकार पळाले. ढोर तेवढं आमच्या गळ्यात राहिलं. पण आदल्या वर्षी आमच्या घरानं बाप्तिस्मा घेतला होता. त्याच दिवशी बा म्हणाला होता, आता ढोर ओढायचं नाही. म्हणून बोलावणं आलं तेव्हा मी गेलो आणि तोंडावर नाही म्हणालो.

पहिलं पायताण डाव्या कानावर बसलं. आत काहीतरी फुटलं. त्या कानानं मला आजही ऐकू येत नाही. खाली पडलो तर बरगडीत लाथ. मग केस धरून त्यानं मला उभं केलं. धाकला पाटील औरंगाबादला मिशनच्या शाळेत शिकलेला. आमचं शास्त्र त्याला आमच्यापेक्षा जास्त पाठ.

"काय रं किरिस्तावा, एका गालावर मारलं तर काय करायचं? काय सांगतो तुझा देव?"

पारावरची माणसं हसली. एकजण म्हणाला, "दे की मर्दा. देवाची आज्ञा हाय."

मी मान हलवली नाही. तोंडातलं रक्त गिळत उभा राहिलो. गर्दीतून बा पुढं आला. वाटलं, आता बा बोलंल. बानं दोन्ही हातांनी माझी हनुवटी धरली आणि माझं तोंड फिरवलं. दुसरा गाल त्यानंच पुढं केला.

"मारा मालक. पर पोराचा जीव नका घेऊ."

 हनुवटी त्यानं सोडली नाही.

माझे दोन दात पडले. मग बानं एकट्यानं बैलाच्या पायाला दोर बांधला.

संध्याकाळी मी कुऱ्हाडीला धार लावत बसलो. धाकला पाटील दिवस मावळला की एकटा मळ्यात जायचा. त्याची मान कुठून तोडायची तेही मी ठरवलं होतं. आय येऊन समोर बसली. तिला अक्षर येत नव्हतं, पण मिशनच्या देवळात ऐकलेलं विसरायची नाही.

"येशूला याजकाच्या शिपायानं थापड मारली, तव्हा त्यानं दुसरा गाल दिला का?"

मी पातं दगडावर घासतच राहिलो.

"नाय दिला. का मारतोस म्हणून इचारलं. हात बांधलेले व्हते तरी इचारलं."

"आन् वैऱ्यावर प्रीती करायची, त्याचं काय?" मी विचारलं.

"कर की. कोण नको म्हणतंय? पर वैऱ्यावर कर. मालकावर नव्हं. मालक म्हणलास का संपलं."

बा भिंतीकडं तोंड करून पडला होता. त्यानं ऐकलं. 

मी कुऱ्हाड आयच्या हातात दिली. मान तोडली असती तर तो जाब न देता सुटला असता. माझा वैरी मला जिता पाहिजे होता. झोपताना त्याच्यासाठी प्रार्थना केली. लई कडू लागली. देवा, त्याचं भलं कर म्हणालो. पण आज त्याला झोप देऊ नको, असंही म्हणालो.

सकाळी मी पाटलाच्या ओट्यापुढं गेलो. पायातल्या वहाणा काढल्या नाहीत. तो कडुलिंबाची काडी चावत बसला होता.

"तू मला का मारलंस?" मी विचारलं.

आमच्यातलं कुणी पाटलाला कधी तू म्हणालं नव्हतं. तो खाली उतरला आणि मला मारलं. मी हात उचलला नाही, गालही दिला नाही. पुन्हा विचारलं. त्यानं मला पाडलं. उठून पुन्हा विचारलं. गडी जमले, बाया दारात आल्या. जितक्यांदा पडलो तितक्यांदा उठून तेच विचारलं. शेवटी त्याचा उगारलेला हात न मारताच खाली आला. उत्तर आलं नव्हतं. मी तिथून हललो नाही.