सावकाश वर येणारी गादी

फोमच्या दुकानदाराने मला दोन तुकडे दिले होते, तळहाताएवढे. दोन्ही मेमरी फोमचेच. एक पांढरा आणि हलका, दुसरा पिवळट, हातात घेतला की कणकेच्या गोळ्यासारखा जड. "पावणं, घरी न्या, म्हाताऱ्याला दाखवा, मग ठरवा," तो म्हणाला. कागलच्या रस्त्यावरून बसने येताना मी ते शर्टाच्या आत धरून बसलो होतो. चाची दारातच असणार, तिने बघितलं की आतपर्यंत आवाज जाणार, आणि मग चाचा तोंड भिंतीकडे करणार, ही काळजी मला वाटभर लागून राहिली होती.

झालंही तसंच.

"आणलास व्हय फोम?" चाचीने विचारलं.

आतून चाचांचा आवाज आला, "पाव आणलाय त्यानं, शिळा पाव. मिसळ कुठाय इचारा की."

चाचा आणि चाची माझ्या नात्याचे नाहीत. माझं गाव परभणीकडचं. आई-बापाबरोबर मी ऊसतोडीला कसबा बावड्यात आलो तेव्हा आठवीत होतो, आणि ती आठवी तिथेच फडात राहिली. हंगाम संपून टोळी परत निघाली तेव्हा चाचांनी माझ्या बापाला सांगितलं, राहू दे याला माझ्याकडं, हात चांगला हाय त्याचा. चाचांचं कापूस पिंजून गाद्या भरायचं दुकान होतं, त्यांच्या आज्यापासूनचं. मी त्याआधी गादीवर झोपलो नव्हतो. आमच्याकडे वाकळ असायची. पहिल्याच दिवशी चाचांनी उरल्यासुरल्या कापसाची एक अरुंद गादी भरून माझ्यापुढे टाकली. मी नको म्हणालो, मळेल म्हणालो. तर म्हणाले, "गादी भरणाऱ्यानं गादीवर निजाया पायजे लेका. न्हायतर तुला कळायचं कसं, लोकं पैसे कशाचं देत्यात?"

तेव्हापासून मी याच घरात आहे. माझे आई-बाप वारले तेव्हा चाचांनी मला गावाकडच्या गाडीत बसवून दिलं आणि परत यायचं भाडंही वरच्या खिशात ठेवलं. हे मी कुणाला सांगत नाही, पण रोज आठवतं.

चाचांची एक रीत होती. गादी भरून झाली, टाके घालून झाले की गिऱ्हाइकासमोर ती जमिनीवर अंथरायची, मधोमध हाताचा पंजा रोवायचा, सगळा भार द्यायचा आणि एकदम सोडायचा. कापसाने हात वर ढकलला पाहिजे. तो खड्डा बसलेलाच राहिला, किंवा उगाच रेंगाळत वर आला, तर गिऱ्हाईक काही म्हणो, चाचा शिवण उसवायचे आणि कापूस परत पिंजायला टाकायचे. "ह्यात जीव न्हाय," म्हणायचे. दमट कापूस असो, जुना कापूस असो, त्यांचा पंजा ओळखायचा. मीही तेच शिकलो. माझ्या हाताला दुसरी परीक्षा ठाऊकच नव्हती.

मग लोक फोमकडे गेले. दुकान हळूहळू नुसतं उशा भरण्यापुरतं उरलं. चाचांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही, पण रस्त्याने फोमच्या गाद्या बांधलेला टेम्पो गेला की, "गेली बेकरी," एवढं म्हणायचे.

ते मोरीत घसरले आणि कमरेच्या हाडाला तडा गेला. हृदय अशक्त, म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशन नको म्हटलं. पडून राहायचं. डॉक्टर चाचांना बघून बाहेर आले आणि मला म्हणाले, "हाडाचं मी बघतो, पाठीचं तुम्ही बघा. कापसाच्या गादीत गोळे होतात. या वयात पाठ एकदा फुटली की ती जखम भरत नाही, त्यातच माणूस जातो. चांगल्या प्रतीचा मेमरी फोम आणा." मी लाज टाकून त्यांना सांगितलं की ही गादी मी कालच परत पिंजून भरलीय. ते म्हणाले, "तरी आणा."

म्हणून ते दोन तुकडे.

चाचांनी हात पुढे केला. "दे हिकडं." पांढरा तुकडा त्यांनी छातीवर ठेवला आणि अंगठा रोवून सोडला. तो लगेच वर आला. पिवळट तुकड्यात अंगठा रोवला. अंगठा काढला तरी त्याची खूण तशीच राहिली आणि मग अगदी सावकाश, पाणी भरावं तशी, भरून आली. चाचा ती बघत राहिले. त्यांनी परत दाबून बघितलं.

"ह्यो मेलेला हाय," ते म्हणाले. "हलका घे. त्यात जीव हाय."

दुकानदाराने मला उलटं सांगितलं होतं. जड तोच चांगला, सावकाश उठतो तोच अंगाचा भार वाटून घेतो, हलका चार महिन्यांत बसतो, असं तो म्हणाला होता. मी तोंड उघडलं आणि चाचीकडे बघितलं. ती मला माजघरात घेऊन गेली.

"दुकानवाला काय म्हणतोय ते मला सांगू नकोस," ती हळू आवाजात म्हणाली. "त्यांच्या अंगात आता त्यो एक अंगठा तेवढा चालतोय. त्योबी खोटा हाय म्हणून सांगणार हाईस?"

मी हलकी गादी आणली. दुकानदाराने डोक्याला हात लावला, पण पटली नाही तर बदलून देईन म्हणाला. नव्या फोमला रॉकेलसारखा वास येत होता. उन्हात टाकू नका, फोम खराब होतो, सावलीत वारा द्या, असं त्याने बजावलं होतं, म्हणून ती मी सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, चाचांच्या समोरच भिंतीला उभी करून ठेवली. चाचा तिच्याकडे पडल्या पडल्या बघायचे, एखादा पाहुणा उठून जायची वाट बघावी तसे.

"टाकं कुठायत?" त्यांनी विचारलं.

"फोमला टाके लागत नाहीत चाचा. आतलं सरकत नाही."

"मग मी सरकीन."

चाची हसली. चाचा पडल्यापासून त्या घरात कुणी हसलं नव्हतं. मी दुकानातलं जुनं पट्ट्यापट्ट्यांचं जाड कापड काढलं, त्याची खोळ शिवली आणि वरच्या कापडाला आतून दुसरं कापड लावून दाभणाने टाके घातले, गाठी मारल्या, वर दोऱ्याचे गोंडे सोडले. टाके खोळीपुरतेच, फोमला सुई लागली नाही. दुपारी त्या गादीवर पडून असताना चाचांचा हात त्या गोंड्यांवरून फिरायचा, एकाकडून दुसऱ्याकडे. ओळ वाकडी गेलीय, असं त्यांनी मला एकदा ऐकवलंही. मला बरं वाटलं.

पण त्यांना कुशीवर वळवताना मला कमरेखाली तांबडा डाग दिसला. दुसऱ्या दिवशी तो जास्त तांबडा. बोटाने दाबला तरी पांढरा होईना. पाठ फुटायची ही पहिली खूण, डॉक्टरांनी हेच बघायला सांगितलं होतं. चाचीला डाग दाखवला. ती पदर तोंडाशी धरून म्हणाली, "जा. ती दुसरी आण. खोळ हीच घाल."

सकाळी अंग पुसायला आम्ही चाचांना बाजूच्या खाटेवर घ्यायचो. तेवढ्यात मी आतली गादी बदलली. खोळ तीच, गोंडे तेच. चाचांना परत उचलून ठेवलं. गादी खाली गेली आणि त्यांच्या अंगाभोवती हळूच वर आली. त्यांचा हात नेहमीसारखा गोंड्याकडे गेला, तिथून बाजूला सरकला. पंजा रोवला. भार द्यायला अंगात काही उरलं नव्हतं, तरी दिला आणि सोडला.

पंजाचा खड्डा तसाच राहिला.

"बदललीसा व्हय," चाचा म्हणाले.

मी खोळीची कड खोचत राहिलो. चाची म्हणाली, "व्हय. मीच सांगितलं त्याला."

चाचा छताकडे बघत राहिले. मला वाटलं, आता तोंड भिंतीकडे करतील. पण ते म्हणाले, "मेलेलीच हाय ही. पर टोचंना." आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "माझ्या कापसानं किती लोकांस्नी टोचलं आसंल रं?"

"कुणाला नाही चाचा. लोक अजून नाव काढतात," मी म्हणालो. ते खरंच होतं, पण त्यांनी ऐकलं की नाही, माहीत नाही. त्यांना झोप लागली होती.

तो तांबडा डाग दिवसागणिक फिका होत गेला. मी रोज बघायचो, दिवसातून कितीदा तरी. चाचा मात्र आटत गेले. जेवण सुटलं, मग बोलणं सुटलं, हात गोंड्यावर असायचा तो तिथेच असायचा. कुरुंदवाडला दिलेली त्यांची मुलगी येऊन राहिली. तिच्या मांडीवर डोकं असताना, भर सकाळी, चाचा गेले.

मय्यतीला आंघोळ घालायला जमातीतली जाणती माणसं आली. अंगणात पडदे धरले. मी बाहेर चुलीवर पाणी तापवत होतो आणि बादल्या पडद्याशी नेऊन देत होतो. बायका आत. चाची उंबऱ्याशी येऊन उभी राहिली. हात पुसत एक म्हातारे गृहस्थ पडद्याबाहेर आले, तसं तिने विचारलं, "पाठ कशी व्हती?"

"साफ हाय की," ते म्हणाले. "इतकं दिस पडून व्हते म्हणता, पर कुठं ओरखडासुदीक न्हाय. कुणी केलं हो त्येंचं?"

चाची वळली. माझ्याकडे बघितलंही नाही. ती आत गेली. मी पुढची बादली उचलली आणि ती भरलेली नाही हे पडद्यापाशी गेल्यावर कळलं.

सगळं आटोपून लोक गेल्यावर सोप्यात ती गादी तेवढी उरली. चाचांचं अंग होतं तिथे काहीच दिसत नव्हतं, सगळी सपाट वर आली होती. चाचीने तिच्यावरून एकदा हात फिरवला.

"उन्हात टाक तिला," ती म्हणाली. या घरात अंथरूण रिकामं झालं की इतकी वर्षं हेच म्हणत आले होते.

फोम उन्हात टाकायचा नसतो, हे मी तिला सांगितलं नाही. गादी खांद्यावर घेतली, जड होती, आणि अंगणात जिथे पूर्ण ऊन होतं तिथे नेऊन अंथरली.