व्हाळाचं पाणी कुठवर येतं?

मे संपत आला होता आणि पावसाआधी ह्यांना, सरकारी इंजिनिअरला, पुलासाठी सह्याद्रीच्या पायथ्याचा एक व्हाळ मोजायचा होता. साठच्या दशकातली गोष्ट. लग्न नवं होतं. ‘मीही येते’ म्हणाले आणि निघाले. बेळगावच्या कॉन्व्हेंटात शिकलेल्या मला व्हाळ म्हणजे डोंगरातला ओढा, हेही ह्यांनीच एस.टी.त सांगितलं.

रत्नागिरीहून वैभववाडी गाठेपर्यंत दिवस मावळला. अंगभर तांबडी धूळ. आता तिथे रेल्वे थांबते, रिक्षा मिळते. आम्ही पुढे बैलगाडीने गेलो. गावातल्या सुंदराबाईंकडे उतरलो. घर व्हाळाकाठीच. त्यांची मुलगी पलीकडच्या गावात दिलेली, मधे पूल नाही, त्यामुळे पावसाळाभर मायलेकींची भेट नाही. जेवायला उकडा भात, कुळथाची पिठी आणि भाजलेला सुका बांगडा. तशी पिठी मला अजून जमलेली नाही.

पूल बांधायचा तर मोठ्यात मोठ्या पुराला पाणी किती येईल ते आधी काढावं लागतं. पावसाच्या नोंदी जेमतेम काही वर्षांच्या, व्हाळाच्या तर नाहीतच. मग पात्राची रुंदी, उतार आणि गावाने दाखवलेली पुराची खूण, एवढ्यावरच हिशेब.

सकाळी म्हाताऱ्या तातूंनी एका खडकावर काठी आपटली. “पाणी हंयसर इला. ह्येच्या वर नाय.” ज्याला विचारावं तो तोच खडक दाखवी.

“इतकं एकमत?” हे मला हळूच म्हणाले. “इथे तर आमटीतल्या मिठावरून वाद होतात!”

दिवसभर हे काठावर येरझाऱ्या घालत होते. पूल बुटका झाला तर एखाद्या पुरात वरच्या माणसांसकट जाईल. घाटमाथ्यावर ढग जमू लागले होते.

दिवेलागणीला सुंदराबाई स्टुलावर चढून देवांना दिवा लावत होत्या. देव्हारा पार तुळईजवळ.

“इतक्या उंचावर?”

“उंदीर गो, बाय.”

खाली भिंतीत जुना कोनाडा लिंपून बुजवलेला दिसत होता. माझी नजर तिथे गेलेली पाहून त्या स्टुलावरच बसल्या.

“देव पाण्यात गेले, म्हणान वर नेले. मोठो पूर सांगलो तर सरकार म्हणतला, इतको खर्च परवडणा नाय. मगे पूल खंयचो? म्हणान गावान ठरयला, खडक दाखवचो.” मग लेकीच्या गावाकडे हात करून म्हणाल्या, “पण सायबांका खरा सांग. माझा चेडू पोराक घेवन त्याच पुलार उभा रवतला.”

मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी ह्यांनी कोनाड्याची उंची खडकाशी ताडून पाहिली. पूर खडकाच्या माणूसभर वर निघाला.

निघताना तातू भडकलेच. “सुंदरे, तूच पूल बुडयलंस!”

“व्हाळान बुडवच्यापरास बरो!”

रत्नागिरीला आल्यावर ह्यांनी आकडा पुन्हा पुन्हा तपासला. जरा खाली येतो का? आला नाही. गावाला वाटलं होतं तेच झालं, खर्चापायी काम पुढे ढकललं गेलं. पूल झाला तो आमची बदली झाल्यावर. ह्यांचीच उंची ठेवली की उतरवली, ते कळलं नाही. पावसाची झड लागली की हे अखेरपर्यंत विचारायचे, “वरच ठेवला असेल ना?”

मी म्हणायची, “हो.” मला तरी कुठे ठाऊक होतं!