साल्कीन एजेचं एक बटण

नारीनच्या पोस्टाला लागून माझं फोटोचं दुकान आणि माझ्या भिंतीपलीकडे साल्कीन एजेची संगणकाची खोली. एजे म्हणजे आमच्या किर्गिझमध्ये थोरली बहीण. पण तिला माझी आईसुद्धा एजेच म्हणायची, तिच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी असून. बाईचा दराराच तसा होता. बावीस वर्षं तिनं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांची बोलणी जोडून दिली. एक्स्चेंज बंद झालं तेव्हा ती सेहेचाळीसची होती. घरी बसायचं सोडून तिनं कुणाचा तरी टाकून दिलेला संगणक आणला, उघडला, पुन्हा जोडला, आणि दोन वर्षांत गावातले निम्मे संगणक तिच्या हातून दुरुस्त होऊ लागले.

पण तिचा जीव रमायचा तो थीममध्ये. पडद्यावरचं चित्र, पट्ट्यांचे रंग, अक्षरं, बटणांवरचे शब्द, असा संगणकाचा सगळा पोशाख ती बदलून टाकायची. लोकर दाबून केलेल्या नमद्याच्या गालिच्यावर आपल्या बायका मेंढ्याच्या शिंगांची नक्षी काढतात ना, तीच नक्षी तिनं खिडक्यांच्या कडेला आणली. बटणांवरची रशियन काढून आपली किर्गिझ घातली. संगणक बंद करायच्या बटणावर ‘येते हं’ असं लिहिलं होतं. लोक ते बघायलाच यायचे.

अडचण होती ती बसवण्याची. सतरा पायऱ्या! तिनं त्या एका कागदावर बारीक अक्षरात छापल्या होत्या आणि थीमच्या प्रत्येक तबकडीबरोबर, म्हणजे सीडीबरोबर, तो कागद द्यायची. सहाव्या पायरीला संगणकाच्या पोटातली एक फाइल काढून तिथं दुसरी ठेवायची. नावात एक अक्षर चुकलं की संगणक उघडायचाच नाही. मग लोक रजईत गुंडाळलेला संगणकाचा डबा घेऊन दारात हजर. माझाही संगणक असाच एकदा गेला.

“वाचलं होतंस का नीट?” ती मला म्हणाली.

“वाचलं, एजे.”

“मग? सोपं तर आहे!”

तिला ते खरंच सोपं वाटायचं.

एका वर्षी नोव्हेंबरात काचकीनबाई अता आले. नावात ‘बाई’ असली तरी पुरुष, आणि अता म्हणजे बाप; म्हाताऱ्या माणसाला आम्ही तसंच म्हणतो. वरच्या खोऱ्यातलं गाव, वय सत्त्याहत्तर. एकतीस वर्षं ते डोंगरातल्या हवामान केंद्रावर राहिले होते, हिमनदीच्या तोंडाशी. रोज सकाळी तापमान, वारा, बर्फाची जाडी वहीत लिहायची, हे त्यांचं काम. केंद्र बंद पडलं, वह्या त्यांच्याकडेच राहिल्या. शाई उडत चालली होती. मुलीनं बिश्केकहून जुना संगणक पाठवला आणि म्हाताऱ्यानं सगळ्या वह्या टाइप करायला घेतल्या. पण इतक्या वर्षांच्या बर्फाच्या झळाळीनं डोळे भाजून निघाले होते.

“पांढरा पडदा उघडला की मला पुन्हा बर्फच दिसतो, पोरी,” ते म्हणाले. “चार ओळी झाल्या की डोळ्यांतून पाणी येतं, मग अक्षर काही दिसत नाही.”

साल्कीन एजेनं चार दिवसांत त्यांच्यासाठी वेगळी थीम केली. काळाभोर पडदा, त्यावर बोटभर उंचीची पिवळी अक्षरं, माउसचा बाण अंगठ्याएवढा. तबकडी दिली, कागद दिला. आशीर्वाद देऊन अता गेले.

आठवड्याभरात परत आले. मिनीबसमध्ये डबा मांडीवर घेऊन, डब्यावर स्वतःचा कोट पांघरून. अंगात नुसता स्वेटर, बाहेर उणे बावीस. संगणक उघडत नव्हता आणि त्यात चार महिन्यांचं टाइप केलेलं अडकलं होतं.

एजेनं डबा उघडला, आतली डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली. तासभर म्हातारा भिंतीकडे बघत बसला होता, हात गुडघ्यांवर. मी चहा नेला तर घेतला नाही. शेवटी एजे म्हणाली, “सगळं आहे, अता. एक ओळही गेली नाही.” तेव्हा कुठे त्यांनी टोपी काढली.

आणि मग एजेनं नेहमीचा प्रश्न विचारलाच. “कागद नीट वाचला नव्हता का?”

अता शांतपणे म्हणाले, “तो कागद मला वाचता आला असता, तर ही काळी थीम कशाला मागितली असती?”

एजेचा चेहरा मी कधी विसरणार नाही. तिनं भिंतीवरचा तो सतरा पायऱ्यांचा कागद काढला, घडी केली आणि शेगडीत टाकला. अतांचा संगणक दुरुस्त करून दिला, पण थीम बसवली नाही. म्हणाली, “अता, हे मी बसवून दिलं तर पुढच्या बिघाडाला तुम्ही पुन्हा बर्फातून याल. मला वसंतापर्यंत वेळ द्या. तुमचं तुम्हाला बसवता येईल असं करून पाठवते.”

त्या हिवाळ्यात तिनं जे केलं ते मी शेजारून पाहिलं आणि अजून मला नवल वाटतं. पन्नाशीची बाई, शहराच्या वाचनालयातून रशियन पुस्तक आणून प्रोग्रॅम लिहायला शिकली. पण त्याहून नवलाचं म्हणजे ती रोज कुणाला तरी बोलावून संगणकापुढे बसवायची. ज्याला काही येत नाही असाच माणूस हवा. आपण मागे स्टुलावर बसायची, हात मांडीखाली दाबून, तोंड मिटून. बावीस वर्षं बोलण्यात गेलेली बाई, गप्प!

पहिली आली बात्मा, पोस्टासमोर सामसे, म्हणजे भट्टीतले समोसे, विकणारी. हाताला कांद्याचा वास, माउस धरला तो सामशासारखा, चिमटीत.

“हे काय विचारतंय? ‘तुमची खात्री आहे का?’ अगं साल्कीन, मला कसली खात्री असणार? तूच बसवलंस ना मला इथं!”

बात्मानं पुढचं बटण दाबलं.

“आता म्हणतंय जागा निवडा. मी बसलेय की जागेवर!”

मी दारात हसून लोटपोट. एजे मात्र वहीत लिहीत होती. दुसऱ्या दिवशी तो प्रश्न प्रोग्रॅममधून गेला. तिसऱ्या दिवशी जागा निवडणंही गेलं. असे तीसेक जण आले. मेंढपाळ आले, मिनीबसवाले आले, पोस्टातल्या बाया आल्या. जिथं कुणाचं बोट अडखळलं, तिथली पायरी प्रोग्रॅमनं स्वतःकडे घेतली. फेब्रुवारीत सतराच्या पाच पायऱ्या उरल्या होत्या. मार्चमध्ये एक.

ती एकुलती पायरी म्हणजे पडदा भरून एक बटण, त्यावर ‘घाल’. दाबलं की प्रोग्रॅम आधी जुन्या रूपाची प्रत बाजूला ठेवायचा, मग नवं चढवायचा. नंतर पडद्यावर तळहाताएवढ्या अक्षरांत एवढंच यायचं: ‘दिसतंय का?’ आणि खाली ‘हो’. अर्ध्या मिनिटात कुणी ‘हो’ दाबलं नाही, तर संगणक आपणहून जुन्या पोशाखात परत.

“आणि चालूच झाला नाही तर?” मी विचारलं.

“तर तीच जुनी प्रत घेऊन उठेल. बटण दाबलंस म्हणून कुणाचं काही बिघडता कामा नये, एलझार. भीती वाटली की माणूस हात लावत नाही.”

एप्रिलमध्ये रस्ता उघडला आणि मिनीबसवाल्याबरोबर तबकडी वरच्या खोऱ्यात गेली. सोबत कागद नव्हता.

दोन दिवसांनी दुपारी पोस्टातून हाक आली, “साल्कीन एजे, फोन!” मीही मागोमाग गेलो. तिनं रिसीव्हर कानाला लावला आणि पाठ ताठ करून उभी राहिली, वडीलधाऱ्यांसमोर राहतात तशी. म्हातारा इतका मोठ्यानं बोलत होता की मलाही ऐकू येत होतं.

“दाबलं! एकदाच दाबलं! सगळं काळं झालं, म्हटलं गेला पुन्हा. मग अक्षरं आली गं पोरी, एकेक, डोंगरावर तारे येतात तशी. मला विचारलं दिसतंय का. मी बोटानं ‘हो’ दाबलं आणि तोंडानंही म्हणालो. ऐक, वाचून दाखवतो. बारा जानेवारी एकोणसत्तर. उणे त्रेचाळीस. वारा नाही. कोल्हा दाराशी आला. ऐकतेस ना? मी वाचतोय! कुणी शेजारी नाही, माझा मी वाचतोय!”

पोस्टातल्या बायांनी शिक्के मारायचे थांबवले होते. बात्मा सामशाची टोपली घेऊन उंबऱ्यातच उभी. अता वाचत राहिले. तेरा जानेवारी, चौदा जानेवारी. कुणी त्यांना थांबवलं नाही.

त्यानंतर तबकड्या खोऱ्याखोऱ्यांत गेल्या. कधी लाल नक्षीची, कधी काळी. कराकोलहून एका शिक्षिकेनं कळवलं की तिनं वर्गातले नऊ संगणक मधल्या सुट्टीत बदलले. तलासच्या एका विणकर बाईनं आपल्याच गालिच्याची थीम करून पाठवली आणि एजेनं ती त्याच बटणामागे बसवून दिली. रजईतले डबे यायचे बंद झाले.

काचकीनबाई अतांना सगळ्या वह्या टाइप करायला तीन हिवाळे लागले. चौथ्या वर्षी उन्हाळ्यात त्या वह्यांची तबकडी आली, एजेच्या नावानं. तिनं मला हाक मारली. आम्ही दोघं पडद्यापुढे बसलो आणि ती पानं खाली सरकवत गेली. एकतीस वर्षांच्या सकाळी. हिमनदी मागे सरकत होती, हात, दोन हात, कधी वीस पावलं. मधे कुठे बायको गेल्याची नोंद, त्याच ओळीत तापमान. कुठे फक्त ‘वादळ, दोरी धरून यंत्रापर्यंत गेलो’. एजे एका जागी थांबली, मागे गेली, पुन्हा पुढे आली, बोटांवर काही मोजलं.

“एलझार,” ती हळूच म्हणाली, “यात एकही दिवस गाळलेला नाही रे.”