शिट्टी थांबली तेव्हा

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही. आज का बोलतोय — ते मलाही नीट सांगता येणार नाही.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, आणि दुष्काळ होता. उदगीरकडच्या एका गावात सरकारी दवाखान्यात मी नवा डॉक्टर. दुष्काळी कामावर खडी फोडणारी कौसाबाई एका सकाळी दम लागून बैलगाडीतून आली. सोबत बौद्धवाड्यातला तिचा नवरा, गंगाधर.

छातीला नळी लावली. दोन्हीकडं शिट्ट्या, श्वास सोडताना लांबत जाणाऱ्या. दमाच. इंजेक्शन दिलं, रांगेकडं वळलो. तासाभरानं पुन्हा नळी लावली. शिट्टी नाही.

"आता वाजंना गेलंय, सायेब. बरं हाय का?" गंगाधरनं विचारलं.

"हो. छाती मोकळी झाली. घरी ने."

मोकळी? मोकळ्या छातीत हवा ये-जा करते, तिचा मऊ आवाज येतो. कौसाबाईच्या छातीत तोही नव्हता. हवाच आत जात नव्हती — शिट्टी वाजणार कशानं? ओठ निळसर पडले होते. ती बोलत नव्हती, नुसती माझ्याकडं बघत होती. मी हे शिकलो होतो. शंकाही आली होती — एकदा, क्षणभर. पण मोठ्या दवाखान्यात न्यायला जीप नव्हती, ती तालुक्याला गेलेली, रांग दाराबाहेर... मी शंका झटकली.

दुपारी बैलगाडी परत आली. कौसाबाई वाटेतच गेली होती.

इथवर चूक म्हणता येईल. पुढच्याला काय म्हणायचं?

"तुम्ही तर बरी हाय म्हनलात," गंगाधर म्हणाला. रांग ऐकत होती. आणि मी — मी आवाज चढवला. "सकाळी आणलीस तेव्हाच उशीर झाला होता! चार दिवस आधी काय करत होतास?" आत जाऊन केसपेपरवरचं 'घरी पाठवले' खोडलं, 'नातेवाइकांनी हट्टाने नेले' लिहिलं.

उशीर आपणच केला, हे त्यानं खरं मानलं. "कामाचा खाडा पडंल म्हणून थांबलो, सायेब," एवढंच म्हणाला, आणि तिथंच मातीत बसला.

खूप वर्षांनी नांदेडच्या बसस्टँडवर त्यानंच मला ओळखलं. सोबत लग्न झालेली मुलगी होती. तिला म्हणाला, "हेच ते डॉक्टर. तुझ्या आईसाठी लई धडपडले. म्याच उशीर केला."

मुलीनं बापाकडं पाहिलं — ती नजर मी पाहिली. तेव्हा तरी बोलता आलं असतं ना? गाडीला अजून वेळ होता. त्यानं आग्रहानं चहा पाजला. मी प्यायलो.

गंगाधर आता नाही. मुलगी नांदेडलाच असते. तिचं घर मला माहीत आहे.