व्यंकटेशची तांबडी गिटार

व्यंकटेशचं तेरावं झाल्यावर त्याच्या मुलीने त्याची पहिली गिटार मला आणून दिली. गिटारीला अजून सरसाचा वास येतो. त्या वासाबरोबर सत्तरच्या दशकातली भवानी पेठेतली ती दुपार परत आली.

गिटार कशी बनवतात, हे आम्हा दोघा कॉलेजकुमारांना ठाऊक नव्हतं. मोडक्या सागवानी पलंगातून तिच्या कडांसाठी दोनच पातळ पट्ट्या निघाल्या होत्या. तिसरी मिळणार नव्हती. वाकवण्याआधी त्या उकळायच्या होत्या, आणि तेवढं मोठं भांडं व्यंकटेशच्या घरी एकच होतं, सूत रंगवायची कढई. पट्ट्या तांबड्या होऊनच बाहेर आल्या.

"लाकडाला लुगडं नेसवता का रे?" त्याचे वडील हातमागावरून म्हणाले.

व्यंकटेश गरम पट्टी साच्यावर वाकवत होता आणि मी मधोमध दाबून धरली होती. हात भाजत होते, पण भीती लाकडाचीच होती.

"तडकली तर?"

"तर तुझी बरगडी लावू. धर की नीट."

तेवढ्यात माझ्या अंगठ्याखाली बारीक 'टक्' झालं.

"काय झालं रे?"

"काय नाय," मी म्हणालो.

पुढे तो वाजवायला बसला, की ती चीर आता उघडेल या धास्तीने मला सूर ऐकूच येत नसत.

आज बॅटरी लावून गिटारीच्या आत पाहिलं. नेमक्या त्या जागी त्यांच्याच मागावरच्या लुगड्याच्या काठाचा तुकडा सरसाने चिकटवलेला आहे. गिटारीची पाठ चिकटवून ती बंद करण्याआधीच त्याने तो लावला असणार. मला मात्र तो त्याबद्दल जन्मभर काही बोलला नाही.