आराम दिलेला सर्व्हर

सर्व्हर हँग झाला की ऑफिसातले सगळे माझ्याकडं बघायचे आणि मी कूलरकडं. दोष द्यायला काहीतरी लागतंच की!

दुष्काळाची वर्षं होती ती. शहराच्या कडेला, पडेगावच्या बाजूला प्लॉट पडत होते, घरांवर घरं उठत होती, नळाची पाइपलाइन मात्र येता येत नव्हती. आमची गल्ली टँकरवर जगायची. त्या टँकरना पास देणाऱ्या ऑफिसात मी कॉम्प्युटरचं काम बघायचो. पास छापून निघाला तरच पाणी भरायच्या ठिकाणचे मामा व्हॉल्व्ह उघडणार. हातानं लिहिलेली चिठ्ठी चालायची नाही. चिठ्ठ्यांत लई घोळ होतो, त्या बंदच करा, असा हट्ट धरणारा दीडशहाणाही मीच.

ऐन उन्हाळ्यात मी सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम बदलली. जुनीचे अपडेट बंद झाले होते, कधीतरी बदलायचीच होती. पण पावसाळ्यापर्यंत थांबलो असतो तर काय आभाळ कोसळणार होतं? नाही, मला घाई.

लगेच सर्व्हर गोठायला लागला. पडद्यावरचं घड्याळ थांबलेलं, माउस हलेना, पास निघेना. बटण दाबून बंद करायचा, पुन्हा चालू करायचा. आतल्या नोंदी बघाव्या तर कुठल्याच बिघाडाचा उल्लेख नाही; लिहिता लिहिता कुणी उठून गेल्यासारख्या त्या मध्येच तुटलेल्या. रॅम बदलली, धूळ काढली, यूपीएस बदलला. डेटा नव्या साच्यात गेलेला, त्यामुळं जुन्या सिस्टीमकडं मागं फिरायचीही सोय नाही. बाहेर टँकरची रांग आणि ड्रायव्हर लोकांचे हॉर्न.

शेवटी व्हॉल्व्हवाले मामा आत आले. म्हणाले, "साहेब, बोरची मोटर कशी, थोडं पाणी काढलं की बंद ठेवावी लागते. ह्येलाबी दम खाऊ द्या की. उन्हानं माणूस थकतंय, ह्ये तर यंत्र हाय."

आणि मी, कॉम्प्युटरचा शिकलेला माणूस, व्हय म्हणालो! त्या वर्षांत आम्ही सगळ्यालाच दम खाऊ देत होतो, बोरला, मोटरला, बैलाला. चार पास काढायचे आणि मग थोडा वेळ काहीच काम न देता सर्व्हरला आराम द्यायचा, असा नियमच मी केला. रांग आणखी लांबली. सर्व्हर आणखी हँग व्हायला लागला.

शेजारच्या खालांची लेक बाळंतपणाला माहेरी आलेली. तान्हं लेकरू, त्याचे लंगोट, बाळंतिणीची अंघोळ, आणि टँकर नाही. संध्याकाळी मी गाडी लावत असलो की खाला दारातून विचारायच्या, "क्या भाई, आज तरी टँकर येतंय का नाय?"

"मशीन बिघडलंय, खाला."

"बिघडणारच, भाई. गर्मी किती आहे!"

कुणामुळं बिघडलंय ते माझ्या तोंडून फुटायचं नाही. आतून लेकरू रडायचं आणि मी चावी खिशात घालून घरात पळायचो. लाज वाटायची, अक्षरशः चोरासारखं वाटायचं.

एक दिवस साहेबांना मोठा रिपोर्ट हवा होता. तो दुपारभर चालू राहिला आणि सर्व्हर एकदाही गोठला नाही. मी चरकलो. कधी कधी हँग झाला ते आठवून बघितलं, तर प्रत्येक वेळी मशीन रिकामं असताना, नाहीतर आमचा आराम चालू असताना! नवी सिस्टीम काम नसलं की प्रोसेसरला गाढ झोपवायची, आणि आमच्या जुन्या मशीनला त्या झोपेतून उठताच यायचं नाही. सेटिंगमध्ये जाऊन मी ती गाढ झोप बंद केली. एवढंच होतं. त्यानंतर सर्व्हर कधी हँग झाला नाही.

मामा बिचारे ओशाळले. "म्या उगंच बोललो, साहेब." मी म्हणालो, "तुमचं काय चुकलं? ऐकलं कुणी?" पण त्यानं काही हलकं वाटेना.

दुसऱ्या दिवशी गल्लीत टँकर आला. बायका ड्रम घेऊन धावल्या. खालांनी पाइप धरला आणि सरळ आमच्या ड्रमात सोडला. "आधी भाईचा. मशीनसाठी किती राबलाय तो!"

मी म्हणालो, "खाला, तुमच्या घरी बाळंतीण आहे, आधी तुमचा भरा." पाइप ओढायला लागलो तर बायकोनं माझा हात धरला.

"राहू द्या," ती हळूच म्हणाली. "तुम्ही इतके दिवस अंघोळ करून ऑफिसला गेलात, ते पाणी कुठलं होतं? माझी पाठ ही अशी, मला घागर उचलवत नाही. खाला मशिदीच्या बोरवरून डोक्यावर आणायच्या आणि त्यातली एक घागर आपल्याकडं ठेवायच्या. तुम्हाला सांगू नको म्हणाल्या. भाईचं डोकं थंड राहिलं पाहिजे, म्हणायच्या, तरच मशीन लवकर नीट होईल."

मी पाइप धरून तसाच उभा राहिलो. ड्रम भरला, काठावरून पाणी मातीत वाहायला लागलं, तरी पाइप काढायचं मला सुचेना.

"भाई," खाला ओरडल्या, "पानी!"